ढाल एकच

मला परीक्षक म्हणून बोलावतात, कारण मी फुकट येतो,
आणि सिव्हिल लाइन्सच्या लेखापरीक्षा कार्यालयात
चौतीस वर्षं हिरवी शाई संपवली आहे.

विषय फळ्यावर, मोठ्या अक्षरांत:
‘केंद्र सरकारनं जमेपेक्षा जास्त खर्च करू नये,
असं थेट घटनेतच लिहावं.’
‘घटनेतच’ खाली कुणीतरी दोनदा रेघ ओढलेली.

डिसेंबर. अधिवेशन सुरू. खिडकीबाहेर
मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर मोर्चा अडवलेला,
बिनपगारी शिक्षकांचा. घोषणेचं फक्त शेपूट
आत येत होतं: ‘...च पाहिजे, ...च पाहिजे.’

सौमित्र बक्षी, अनुकूल बाजू, इस्त्रीचा ब्लेझर.
म्हणाला, ज्यांना अजून दात आले नाहीत
त्यांच्या नावावर आपण पंगती उठवतो आहोत.
कायदा केला होता; मग त्याची तारीख पुढं ढकलली,
मग आणखी पुढं,
नको असलेल्या स्थळाला ढकलतात तशी.
कायदा वाकतो, म्हणून घटनेत कोरा.
युद्ध, महापूर, साथ, एवढ्यापुरती सूट,
तीही दोन तृतीयांश मतांनी.
मी लिहिलं: मांडणी, आठ.

सुजया हेडाऊ, प्रतिकूल, गोळीबार चौकातून आलेली.
म्हणाली, सूत उधारीत आणल्याशिवाय
लुगडं उतरलंय का कधी मागावरून?
म्हणाली, शून्य मैलाच्या दगडापासून सगळी अंतरं मोजा,
पण शून्यावर कोणी घर बांधत नाही.
टाळ्या पडल्या. मी अर्धा गुण कापला:
वाक्य घरूनच तयार होऊन आलं होतं.

बक्षी उठला. सूत आणा ना, कोण नाही म्हणतं?
तुम्ही सूत आणता अन् सूतच विकून खाता.
माग रिकामा, आणि सावकार नातवाच्या दारात.

ती थांबली. माझ्या घड्याळात नऊ सेकंद.
मग म्हणाली, ‘खरं आहे. आमच्या घरी झालंय असं.
पण म्हणून मागालाच कुलूप लावायचं काय?’
हे वाक्य घरून आलेलं नव्हतं.

परीक्षकानं बोलायचं नसतं.
नाहीतर सांगितलं असतं, समतोल मी पाहिलाय, बाप्पा,
दर एकतीस मार्चला, रात्री साडेअकराला.
ठेकेदारांची बिलं ड्रॉवरात, वर चहाची किटली,
तारीख एक एप्रिल.
जमा तेवढाच खर्च, पैशापैशाला जुळलेला,
झोपलेल्या लेकरासारखा गोजिरा.
अन् कर्जाचं कारंजंही पाहिलं,
उद्घाटनाला उडालेलं, पाणी टँकरचं.
दोन्ही फायलींवर सही माझीच.

एकदा उमरेडकडच्या एका दवाखान्यात
मंजुरीआधीच आणलेल्या सर्पदंशाच्या इंजेक्शनांवर
मी आक्षेप काढला. एक्केचाळीस हजार दोनशे.
नियम बरोबर होता. आक्षेप आजही बरोबर आहे.
वसुली डॉक्टर ढोमण्यांच्या पगारातून गेली.
पुढं ते मला इतवारीत दिसले, हात जोडले.
मी संत्र्यांचा भाव करत राहिलो,
दोन डझन, मग चार डझन,
ते निघून जाईपर्यंत.

शेवटी बेरीज. दोघंही एकाहत्तर.
निमजेबाई कानाशी आल्या:
सर, बरोबरी चालणार नाही, ढाल एकच आणली आहे,
बजेट नव्हतं.

मी हिरव्या पेनानं
कापलेला अर्धा गुण परत लिहिला.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडला.
चौतीस वर्षांत मी असा कागद
कुणाच्याही हातून पुढं जाऊ दिला नसता.

बाहेर शिक्षक रस्त्यावरच डबे उघडून बसले होते.
बक्षी ब्लेझर खांद्यावर टाकून तिला विचारत होता,
माग कितीला गेला?
ती म्हणाली, किलोनं.